तार हलते, मग आवाज कुठून येतो?

मालाड स्टेशनवरून वेस्टला उतरून मार्वे रोडने ऑर्लेमच्या दिशेने संध्याकाळी चालत निघालात, तर पाठीवर काळी बॅग अडकवलेली दोन-चार तरी पोरं दिसतातच. रिक्षात बॅग आडवी मावत नाही, बसमध्ये कंडक्टर वैतागतो, म्हणून बरेच जण चालतच जातात. चर्चच्या मागच्या गल्ल्यांमध्ये कुणाच्या तरी बाल्कनीतून ‘जी’, ‘सी’, ‘डी’ अशा तीन कॉर्डची घोकंपट्टी ऐकू येते आणि नेमकी ‘एफ’वर येऊन अडते. ज्यांनी गिटार हातात धरली आहे त्यांना हे दुःख सांगायला नको.

आमच्या ग्रुपमधला एक मित्र या मंडळींमध्ये यंदा जूनच्या शेवटी सामील झाला. तो राहतो ईस्टला, कुरारच्या बाजूला, दीड खोलीच्या घरात. वर्षभर आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले होते. त्यातले काही परीक्षेच्या फॉर्मसाठी आहेत, असं घरी कबूलही केलं होतं. तरी त्याने सात हजारांना एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार उचलली. लाल रंगाची, चकाचक, फोटोत भारी दिसणारी. घरी आणली, सगळ्यांना समोर बसवलं आणि झोकात हात फिरवला.

टिंग. बस्स, एवढंच. मच्छर चावल्यासारखा आवाज.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अरे, सात हजारांची आणि डब्याएवढा पण आवाज नाही?” बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. ॲम्प्लिफायर घ्यायला पैसे उरले नव्हते. विकणाऱ्याने ‘सात दिवसांत परत घेईन’ असं सांगितलं होतं. आता प्रश्न असा, की गिटार परत करून साधी, पोकळ पेटीवाली अ‍ॅकॉस्टिक घ्यायची की हीच ठेवायची? सोसायटीच्या गणपतीत पाचव्या दिवशी वाजवायचं त्याने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. त्या सात दिवसांत आम्ही दोघांनी ‘आवाज येतो कुठून’ या विषयावर जितकी डोकेफोड केली, तितकी बारावीच्या फिजिक्ससाठी केली नव्हती.

खरं तर उत्तर बारावीच्याच लॅबमध्ये होतं. सोनोमीटर आठवतोय? ती लांबट लाकडी पेटी, वर ताणलेली तार, टोकाला लटकवलेली वजनं आणि तारेवर ठेवलेला कागदाचा चिटोरा. ट्यूनिंग फोर्क टेकवला की बरोबर लांबीला चिटोरा उडायचा. आपण जर्नल कम्प्लीट करण्याच्या नादात एक गोष्ट विचारलीच नाही. तार ताणायला दोन खिळे पुरले असते, मग खाली ती पोकळ पेटी कशाला? आणि तिला बाजूने भोकं कशाला?

कारण नुसती तार जवळपास मुकी असते. उकडायला लागलं की आपण वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेतो, पेनाने घेत नाही. पेन कितीही जोरात हलवलं तरी हवा त्याच्या बाजूने निसटते. गिटारची तार म्हणजे तसं पेनच, त्याहून बारीक. सगळ्यात बारीक तार जेमतेम पाव मिलीमीटर जाडीची असते. ती सेकंदाला तीनशेतीस वेळा थरथरते, पण हवेला ढकलायला तिच्याकडे रुंदीच नाही. पुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची विरळ होते आणि दोन्ही लगेच एकमेकींत मिसळून जातात. आवाज लांब पोचायच्या आत संपतो.

मित्राच्या गिटारचं हेच झालं होतं. तिचं अंग पोकळ नाही, सलग लाकडाचं आहे. त्या जाड ठोकळ्याला तार हलवून हलवणार किती?

हे आम्हाला पुस्तकाने नाही, एका काकांनी पटवलं. एस. व्ही. रोडच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. तिथे तबले, हार्मोनियम, गिटारी सगळं एकत्र टांगलेलं. आम्ही रडगाणं सांगितलं. काकांनी गिटार घेतली, तिचं डोकं, म्हणजे जिथे खुंट्या असतात ते टोक, मागच्या लाकडी कपाटाच्या दाराला टेकवलं आणि तार छेडली. अख्खं कपाट वाजायला लागलं! डोकं बाजूला घेतलं, आवाज गेला. परत टेकवलं, परत आला. तुमच्याकडे इलेक्ट्रिक गिटार असेल तर आज घरी करून बघा. प्लायचं पातळ दार असेल तर अजून मजा येते.

“कपाटात काय बॅटरी आहे काय?” काकांनी विचारलं. “तारेचा जोर तोच. फक्त आता पुठ्ठा मिळाला.”

पेटी आवाज ‘वाढवत’ नाही

हा मुद्दा जरा नीट घ्यायला हवा, कारण बहुतेकांची इथे गडबड होते. अ‍ॅकॉस्टिक गिटारची पेटी आवाज ‘मोठा करते’ असं आपण सहज म्हणतो. पण तिला कुठून जास्तीची ऊर्जा मिळणार? जेवढी ताकद तुमच्या बोटाने तारेला दिली, तेवढीच काय ती शिल्लक. पेटी ती ताकद पटापट खर्च करते, एवढंच. तारेची थरथर ब्रिजमधून, म्हणजे सतारवाले जिला घोडी म्हणतात तिच्यातून, वरच्या पातळ फळीत उतरते. ही फळी चांगल्या गिटारमध्ये बहुधा स्प्रूस किंवा सीडरची असते आणि जाडी असते अडीच-तीन मिलीमीटर. म्हणजे आपल्या एटीएम कार्डांची तीन-चारची चळत. ती रुंद फळी हलते आणि हवेला खरा धक्का बसतो.

आता गंमत बघा. स्टीलच्या सहा तारा मिळून त्या फळीवर सत्तर किलोच्या आसपास ताण देतात. एक मोठा माणूस सतत लटकून बसल्यासारखा. फळी जाड केली तर ती हा ताण आरामात सोसेल, पण वाजणार नाही. पातळ केली तर मस्त वाजेल आणि एक दिवस पोट फुगून घोडीसकट उखडेल. म्हणून आतून बारीक पट्ट्या चिकटवून तिला आधार देतात. स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये या पट्ट्या बहुतेक फुलीच्या आकारात असतात. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९व्या शतकातच ही फुली रुळवली. त्याच शतकात स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने नायलॉनच्या आजच्या क्लासिकल गिटारचा साचा पक्का केला. त्याच्या काळात अर्थात तारा आतड्याच्या होत्या. गिटार बनवणाऱ्याचं सगळं कसब या ‘मोडणार नाही इतकी जाड आणि मुकी होणार नाही इतकी पातळ’ या रस्सीखेचीत आहे. स्वस्त गिटारी कंपनीला तक्रार नको म्हणून प्लायच्या आणि जरा जाडच बनवतात. त्या तुटत नाहीत. वाजतातही तशाच.

आणि ते गोल भोक? ‘त्यातून आवाज बाहेर येतो’ हे अर्धंच खरं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तसंच इथे होतं. आतली हवा स्प्रिंगसारखी दबते-सुटते आणि भोकाशी असलेला हवेचा गोळा आत-बाहेर करतो. साध्या आकाराच्या गिटारमध्ये ही हवा साधारण सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास घुमते. जाड तार ८२ कंपनांची, तिच्या पुढची ११० ची. म्हणजे बरोबर खालच्या सुरांना ही हवा टेकू देते. भोकावर पुठ्ठा ठेवून वाजवा. गिटार बंद नाही पडत, पण खर्ज गायब होतो आणि ती डबा वाजल्यासारखी वाटायला लागते.

हे शास्त्र आपल्याकडे नवीन नाही बरं का. मिरजेला जाऊन बघा. तानपुऱ्याचा भोपळा, त्यावरची तबली, घोडी, खुंट्या, तोच सगळा कारभार. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फरक आहे तो घोडीत. गिटारच्या ब्रिजवर तार एका धारेवरून वाकते आणि मोकळी होते. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, तार तिला चाटत चाटत हलते आणि त्यातून ती झणझणीत जवारी येते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तानपुऱ्याच्या याच घोडीवर निबंध लिहिला होता. तारेला जिथे छेडाल त्या ठिकाणी ज्यांचा ठहराव येतो ते उपस्वर वाजूच नयेत, असा जुना नियम. तानपुऱ्यात ते खुशाल वाजतात, हे त्यांनी दाखवलं. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी हा माणूस तंतुवाद्यांना कान लावून बसला होता!

उपस्वर म्हणजे काय, हे गाणं शिकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तानपुरा नीट जुळला की कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एकच तार एकाच वेळी पूर्ण लांबीने, अर्ध्याने, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शाने हलत असते; हा गंधार त्या पाचव्या हिश्शाचा. गिटारच्या बाराव्या फ्रेटवर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, बोट नुसतं टेकवून तार छेडा आणि बोट उचला. घंटेसारखा वरचा सूर येतो. तुम्ही पूर्ण लांबीचं हलणं थांबवलं, अर्ध्याचं राहू दिलं. कुठल्या वाद्यात यातले कुठले हिस्से किती जोरात ऐकू येतात, यावरच तर डोळे मिटून आपण ‘ही सतार’, ‘ही गिटार’ ओळखतो.

मग लाल गिटारचं काय?

तर काकांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि मित्राच्या गिटारचं वरचं प्लास्टिक उघडलं. आत बघून आमचा जरा विरसच झाला. वाटलं होतं मोठं सर्किट असेल. निघालं काय, तर तीन पट्ट्या, दोन-तीन फिरवायची बटणं, एक कपॅसिटर आणि जॅक. बॅटरी नाही, चिप नाही.

ती पट्टी म्हणजे पिकअप. आत सहा छोटी लोहचुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. उलगडली तर एक किलोमीटरच्या आसपास भरेल. चार बारा डब्यांच्या लोकल एकापुढे एक उभ्या केल्या, की तेवढी. तारेखालचं चुंबक वरच्या स्टीलच्या तारेलाही थोडं चुंबकत्व देतं. तार हलली की वेढ्यांमधलं चुंबकी क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेलं हेच ते. जे तत्त्व कोयनेच्या जनित्रात वापरलंय, तेच तुमच्या गळ्यातल्या पट्ट्याला अडकलंय. फक्त इथे वीज होते व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आवाज ‘ऐकत’च नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी खरंच उडालो. पिकअप हा माइक नाही. त्याला हवा, फळी, भोक कशाशीच देणंघेणं नाही; त्याला कळतं ते फक्त लोखंडाचं हलणं. काकांनी पिकअपवर तोंड नेऊन “हॅलो, हॅलो” केलं. त्यांच्या जुन्या ॲम्पमधून काही आलं नाही. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पिकअपवर आपटलं तर स्पीकर दणाणला. नायलॉनच्या तारा लावल्या तर ही गिटार ठार मुकी. आणि अ‍ॅकॉस्टिकवर लावतात त्या सोनेरी ब्राँझच्या तारा लावल्या, तरी त्यांच्या गाभ्यातलं स्टील तेवढं वाजेल, वरच्या ब्राँझच्या वेढ्यांचा उपयोग शून्य.

सलग लाकडाचा फायदाही इथेच. पेटी तारेची ताकद पटापट खर्च करते, म्हणून अ‍ॅकॉस्टिकचा सूर लवकर विरतो. जाड ठोकळा काही खर्चच करत नाही, त्यामुळे तार खूप वेळ हलत राहते. तो लांबलचक ताणलेला सूर, ज्यावर डोळे मिटून भाव खायचा असतो, तो या कंजूषपणातून येतो.

बरं, हा उद्योग सुरू का झाला? तर आवाज पुरेना म्हणून. अमेरिकेत १९२०च्या दशकात नाचाचे मोठे बँड होते, त्यात पितळी वाद्यांपुढे गिटार कुणाला ऐकूच जायची नाही. हवाइयन गिटार वाजवणारा जॉर्ज बोशॅम या वैतागातून पिकअपच्या मागे लागला आणि १९३१ मध्ये अडॉल्फ रिकनबॅकरबरोबर त्याने पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार काढली. ॲल्युमिनियमची, गोल पोटाची, लांब दांड्याची, अगदी तव्यासारखी. तिचं नावच पडलं ‘फ्राइंग पॅन’. मांडीवर आडवी ठेवून, वरून लोखंडी कांडी फिरवून ती वाजवायची. हवाइयन गिटार आपल्याकडे तर इतकी रुळली, की व्हॅन शिप्ली यांनी तिच्या इलेक्ट्रिक अवतारावर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड घरोघरी होत्या. आजी-आजोबांना विचारून बघा. आज आपण बघतो तशा सलग लाकडाच्या फेंडरच्या गिटारी १९५० पासून बाजारात आल्या. आमच्या मित्राची लाल गिटार ज्या डिझाइनची नक्कल आहे, ती स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची.

तीन पिकअप का, हा प्रश्न मी विचारला. काकांनी स्विच फिरवत एकच सूर तीन वेळा वाजवला. मानेजवळचा पिकअप गोल, गुबगुबीत. ब्रिजजवळचा टोकदार, चरचरीत. तार तीच, बोट तेच! ब्रिजजवळ तार मोठ्या झोक्याने हलत नाही, तिथे बारीक उपस्वरांचं प्रमाण जास्त. मानेजवळ तार मोकळी हलते, तिथे मूळ सूर भरभक्कम. अ‍ॅकॉस्टिकवाले हेच हात सरकवून करतात.

एक कटकट मात्र लगेच समजली. ॲम्प सुरू केल्यापासून मागे सतत ‘गूंऽऽ’ चालू होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची. घरातली प्रत्येक वायर, ट्यूबलाइट, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर आजूबाजूला ती गुणगुण पसरवत असतो आणि हजारो वेढ्यांचं भेंडोळं ती इमानदारीत पकडतं. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये साधा, पण भन्नाट उपाय काढला. दोन भेंडोळी शेजारी ठेवायची, दोघांचे वेढे उलट आणि चुंबकंही उलट. तारेची वीज दोन्हींत एकाच दिशेने येते म्हणून बेरीज होते. बाहेरची गुणगुण उलट दिशांनी येते म्हणून वजाबाकी. त्याला हम्बकर म्हणतात. जाडजूड, दणकट आवाज हवा असणारे रॉकवाले त्याच्यावर फिदा असतात.

ही चिमूटभर वीज ॲम्पमध्ये जाते, मोठी होते आणि स्पीकरमध्ये पोचते. स्पीकरमध्ये काय असतं? परत चुंबक आणि वेढेच. फक्त उलटा प्रवास. तिकडे हालचालीची वीज झाली, इकडे विजेची हालचाल. कागदी शंकू हलतो आणि शेवटी काय, तर तोच पुठ्ठा! कपाटाच्या दाराचं काम आता स्पीकर करतो.

आणि मध्येच मुद्दाम बिघाड करायचा, तो म्हणजे डिस्टॉर्शन. ॲम्पला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेची गोल टोकं सपाट कापली जातात. सपाट कापलेल्या लाटेत नवे उपस्वर तयार होतात, म्हणून आवाज खरखरीत आणि भरलेला वाटतो. इंजिनियर लोक हे टाळायला आयुष्य घालवतात. किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर १९६४ च्या आसपास स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला होता, नेमका असा आवाज यावा म्हणून. (घरच्या होम थिएटरवर प्रयोग करू नये.)

आपल्या कानावर हे दोन्ही आवाज लहानपणापासून आहेत, आपण लक्ष दिलेलं नसतं. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं ‘दम मारो दम’ (१९७१) आणि ‘यादों की बारात’मधलं ‘चुरा लिया’ (१९७३), दोन्हींत गिटार वाजवली होती गायक भूपिंदर सिंग यांनी. दोन्ही गाण्यांची सुरुवात हेडफोन लावून एकापाठोपाठ ऐका. मालाडहून चर्चगेटला जाईपर्यंत हा अभ्यास वीस वेळा होतो. मराठी माणसाचं नाव हवं असेल तर महेश तिनईकर घ्या. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’चे ते गिटारिस्ट. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं तेव्हाचा हा काळ. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत ते मैदान गप्प झालं. आपल्या पिढीला त्या गप्पा फक्त ऐकायच्या.

पावसाळा आणि शिसव

सहाव्या दिवशी निर्णय झाला. लाल गिटार राहिली. कारण गंमतशीर आहे. मित्राला दीड खोलीत रात्री अकरानंतरच सराव करायला मिळतो. अ‍ॅकॉस्टिक असती तर पहिल्याच रात्री शेजारच्यांनी दार ठोठावलं असतं. जी गोष्ट पहिल्या दिवशी दोष वाटली होती, तीच कामाला आली. एका मित्राने जॅकमध्ये बसणारा काडेपेटीएवढा हेडफोन ॲम्प वापरायला दिला. परीक्षेचा फॉर्म मी आणि आणखी दोघांनी मिळून उधारीवर भरला. तो हिशेब अजून चालू आहे.

अ‍ॅकॉस्टिक न घेण्याचं दुसरं कारण काकांनी दाखवलं, दुकानात रांगेत उभ्या असलेल्या गिटारींच्या पोटांमधून. जुलैत मालाडची हवा म्हणजे ओला टॉवेल. पातळ लाकूड ती हवा पितं, फुगतं, वरची फळी वर येते आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. ‘ॲक्शन वाढली’ म्हणतात ती हीच. बोटं सोलवटतात आणि नवशिका समजतो, आपल्यालाच जमत नाही. ‘एफ’ कॉर्ड न लागण्यामागे निम्म्या वेळा हा पावसाळा असतो. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसात ती ऐंशीच्या वर असते. उपाय साधेच. भिंतीला टांगून न ठेवता बॅगेत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. एसीच्या थेट झोताखाली ठेवलीत तर उलटा प्रकार, लाकूड आकसून चिरतं.

लाकडाचा विषय निघाला म्हणून सांगतो. परदेशातली महागडी गिटार उलटी करून बघितलीत तर मागची बाजू बऱ्याचदा गडद तपकिरी, रेघांची असते. ते आपलं शिसव. कोकणातल्या घरातला शिसवी झोपाळा असतो ना, तेच झाड. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं तेव्हा १९६९ च्या सुमारास मार्टिन कंपनी भारतीय शिसवाकडे वळली आणि बाकीचेही वळले. तोड इतकी वाढली की २०१७ मध्ये जगभरच्या शिसवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. बँडवाल्यांना दौऱ्यावर गिटार न्यायचीही भीती वाटायला लागली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

झिणझिण्या

आता जे सांगतोय ते खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. गणपतीच्या चौथ्या दिवशी मांडवात तालीम होती. भाड्याने आणलेला ॲम्प, गाण्यासाठी वेगळ्या लाइनवरचा माइक, खाली पावसाने ओली झालेली ताडपत्री. मित्राने एक हात तारांवर ठेवून ओठ माइकला लावले आणि एकदम मागे उडाला. ओठांना शॉक बसला होता. सगळे हसले. तोही हसला. पण तबला वाजवणाऱ्या दादाने, जो दिवसा इलेक्ट्रिशियनचं काम करतो, लगेच मेन बंद केलं.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणून तर तारांना हात लावला की गुणगुण कमी होते. अर्थिंग धड असेल तर हे सुरक्षित आहे. पण तीन पिनच्या प्लगची जाड पिन कुणीतरी ‘बसत नाही’ म्हणून काढून टाकलेली असेल, किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला दोनच वायरी असतील, आणि ॲम्पमध्ये गळती असेल, तर तारा आणि माइक यांच्यामध्ये उरतो तो तुमचा देह. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे, प्रेक्षकांसमोर, हात ओले असताना असाच माइकला हात लावून गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

दादाने शोधलं. ॲम्पच्या प्लगला तिसरी पिन नव्हतीच. त्याने नवीन प्लग लावला, माइक आणि ॲम्प एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर आणले, ताडपत्रीवर रबरी मॅट टाकली आणि टेस्टर तारांना लावून दाखवला. कॉलेजच्या फेस्टला, मांडवात, कुठेही वाजवत असाल तर हे चार मिनिटांचं काम आधी करून घ्या, नाहीतर करणारा माणूस शोधा. साउंडवाला ‘कुछ नहीं होता’ म्हणेल. त्याला वाजवायचं नसतं.

पाचव्या दिवशी आमचा नंबर लागायला साडेनऊ झाले. त्याआधी फॅन्सी ड्रेस, मग संगीत खुर्ची, मग बक्षीस समारंभ. दहानंतर स्पीकर बंद म्हणजे बंद, असं सेक्रेटरी काकांनी तीनदा सांगितलेलं. मित्राने तीन गाणी वाजवली. दुसऱ्यात चुकला, ते आम्हा चौघांनाच कळलं. काकू पहिल्या रांगेत होत्या, बाबा मागे खांबाला टेकून उभे. शेवटच्या गाण्याची शेवटची कॉर्ड त्याने वाजवली, व्हॉल्यूमचं बटण पूर्ण उघडलं आणि सूर तसाच लांबवत उभा राहिला. दहाला एक मिनिट कमी होतं. काकांनी घड्याळ बघितलं आणि मेन स्विच खाली ओढला. मी अगदी जवळ उभा होतो. सहाही तारा अजून थरथरत होत्या. आवाज मात्र ‘टिंग’ एवढाच.